द्राक्षाच्या सालीतलं द्रव्य लिव्हर कॅन्सरच्या पेशी मारतं, म्हणजे नेमकं काय होतं?

द्राक्षांचा सीझन रंगात आला की नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. काळ्या द्राक्षाच्या सालीत असं द्रव्य आहे की जे लिव्हर कॅन्सरच्या पेशी मारून टाकतं, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, सगळ्यांना पाठवा. बरं, मेसेज पूर्ण खोटा असता तर सोपं होतं, "खोटं आहे" म्हणून डिलीट केला असता. पण तो अर्धा खरा आहे. त्या द्रव्याचं नाव रेस्व्हेराट्रॉल, ते द्राक्षाच्या सालीत असतं हे खरं, आणि प्रयोगशाळेत लिव्हर कॅन्सरच्या पेशींवर टाकलं तर त्या मरतात हेही खरं. फक्त "पेशी मेल्या" आणि "पेशंट बरा झाला" यांच्यामध्ये जो लांबलचक रस्ता आहे तो मेसेजमध्ये नसतो, आणि घरात कोणी आजारी असलं की माणूस नेमका तिथेच फसतो. म्हणून तो रस्ता पहिल्यापासून सांगतो.

पेशी मरणं म्हणजे काहीतरी बिघडलं असं नाही

आपल्या शरीरात रोज साधारण पाच ते सात हजार कोटी पेशी मरतात, आणि हे तब्येत ठणठणीत असताना. जुन्या झालेल्या, डीएनए खराब झालेल्या, गरज संपलेल्या पेशी स्वतःहून कामकाज आवरतात. आईच्या पोटात बाळाचा हात तयार होताना बोटांच्या मधे कातडी असते, ती पेशींच्या अशाच मरणानं जाते आणि बोटं सुटी होतात.

या मरणाला अपॉप्टोसिस म्हणतात. शब्द एकदा सांगून ठेवला, पुढे आपण त्याला शिस्तीचं मरण म्हणू. ते पहिल्यांदा नीट ओळखलं गेलं तेच मुळात लिव्हरमध्ये. जॉन केर नावाच्या ऑस्ट्रेलियन पॅथॉलॉजिस्टनी १९६० च्या दशकात उंदरांच्या लिव्हरकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या फांद्या बांधून टाकल्या आणि मायक्रोस्कोपखाली बघितलं, तर काही पेशी फुगून फुटण्याऐवजी आक्रसून, छोटे छोटे तुकडे होऊन नाहीशा होत होत्या. मग १९७२ मध्ये त्यांनी स्कॉटलंडमधल्या वायली आणि करी या दोघांबरोबर पेपर लिहिला आणि या प्रकाराला नाव मिळालं.

फरक समजून घ्यायला आपल्याच ब्लड रिपोर्टकडे बघा. कावीळ झाली किंवा लिव्हरला मार बसला की एसजीपीटी वाढतं. ते लिव्हरच्या पेशीच्या आतलं एन्झाइम आहे, पेशी फुटली की रक्तात सांडतं, आजूबाजूला सूज येते. शिस्तीच्या मरणात हा पसारा होत नाही. पेशी आत आक्रसते, डीएनएचे ठरावीक लांबीचे तुकडे होतात, सगळा माल पातळ पापुद्र्यात बांधला जातो, आणि लिव्हरमध्ये ज्या कुप्फर पेशी असतात त्या हे तुकडे खाऊन टाकतात. तासाभरात, दोन तासांत मागमूस राहत नाही.

आतला फ्यूज

जुन्या घरात चिनी मातीचे कटआउट असायचे, त्यात बारीक फ्यूज वायर. करंट जास्त झाला की ती वितळते, लाइट जातो, पण घर वाचतं. प्रत्येक पेशीत असा एक फ्यूज आहे, आणि तो असतो मायटोकॉन्ड्रियामध्ये, म्हणजे पेशीचा तो भाग जो एरवी ऊर्जा तयार करतो.

मायटोकॉन्ड्रियाच्या आत सायटोक्रोम सी नावाचं प्रोटीन असतं. एरवी ते ऊर्जेच्या कामात गुंतलेलं, अगदी निरुपद्रवी. पण १९९६ मध्ये शाओडोंग वांग यांच्या लॅबनी दाखवलं की हेच प्रोटीन मायटोकॉन्ड्रियातून बाहेर गळालं की पेशीला मरणाचा हुकूम सुटतो. बाहेर आल्यावर ते कॅस्पेज नावाची एन्झाइम जागी करतं, आधी कॅस्पेज-९, तिच्यामुळे कॅस्पेज-३, आणि कॅस्पेज-३ पेशीच्या आतली शेकडो प्रोटीनं कापत सुटते. तिथून मागे फिरणं जवळपास नाहीच.

आता सायटोक्रोम सी गळू द्यायचं की नाही हे ठरवणारी प्रोटीनांची एक भावकी आहे. त्यात बॅक्स मायटोकॉन्ड्रियाला भोकं पाडतो, आणि बीसीएल-२ त्याला धरून ठेवतो. दोघांत कोण जास्त, यावर फ्यूज उडणार की नाही ते ठरतं. आणि वरून नजर ठेवायला पी-५३ आहे. डीएनए खराब झाल्याचं कळलं की तो बॅक्सचं पारडं जड करतो. (बाहेरूनही एक रस्ता आहे, रोगप्रतिकारक पेशी बाहेरून हुकूम देतात, पण शेवटी तोही कॅस्पेज-३ पाशीच येतो म्हणून त्यात जास्त शिरत नाही.)

कॅन्सरच्या पेशीनं काय केलेलं असतं, तर फ्यूज वायर काढून तिथे जाडजूड तार घातलेली असते. लोड कितीही वाढला तरी तो उडतच नाही.

लिव्हरमध्ये ही जाड तार येते कुठून

लिव्हरचा कॅन्सर सहसा चांगल्या लिव्हरमध्ये अचानक उगवत नाही. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, दारू, आणि आता मोठ्या प्रमाणात फॅटी लिव्हर, यातल्या कशामुळे तरी लिव्हर वर्षानुवर्षं जखमी होतं, भरून येतं, परत जखमी होतं. पेशी मरताहेत, उरलेल्या घाईघाईनं विभागताहेत, प्रत्येक विभागणीत डीएनए कॉपी करताना चुका राहताहेत. त्यातली एखादी चूक पी-५३ मध्ये पडली की नजर ठेवणाराच गेला.

याचं एक उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. दमट हवेत साठवलेल्या शेंगदाण्यावर, मक्यावर जी बुरशी येते त्यातली एक जात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. हे विष लिव्हरच्या पेशीत जाऊन पी-५३ च्या जीनमध्ये बहुतेकदा एकाच ठरावीक जागी, २४९ नंबरच्या जागी, बदल घडवतं. इतकं ठरावीक की आफ्रिकेत आणि चीनमध्ये जिथे हे विष खाण्यात जास्त येतं तिथल्या ट्यूमरमध्ये हा बदल बघून कारण ओळखता येतं. हे वाचल्यापासून मी दाणे निवडल्याशिवाय कूट करू देत नाही.

२०२० च्या जागतिक आकडेवारीत लिव्हर कॅन्सरचे नवे पेशंट सुमारे ९ लाख ५ हजार आणि मृत्यू सुमारे ८ लाख ३० हजार होते. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की हा आजार किती उशिरा सापडतो आणि किती चिवट आहे ते कळतं.

द्राक्षाचा वेल हे द्रव्य बनवतो कशाला?

माणसासाठी तर नक्कीच नाही. डावणी, भुरी ही द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगांची नावं दिंडोरी, निफाड, ओझर पट्ट्यात पोरासोरांनाही माहीत असतात. छाटणीनंतर पाऊस लागून राहिला की पानावर तेलकट पिवळे डाग, खाली पांढरी बुरशी, आणि फवारणीच्या पंपामागे पळणारा शेतकरी. तेव्हा वेल स्वतःही गप्प बसलेला नसतो. बुरशीनं हल्ला केला की पान आणि साल रेस्व्हेराट्रॉल बनवायला घेतात. १९७६ मध्ये लँगकेक आणि प्राइस या संशोधकांनी बुरशी लागलेली द्राक्षाची पानं अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरली, तर डागाच्या भोवती निळी चमक दिसली. ती चमक रेस्व्हेराट्रॉलची होती. म्हणजे हे वेलाचं स्वतःचं बुरशीनाशक आहे, म्हणूनच ते सालीत जास्त आणि गरात जवळपास नाहीच.

कॅन्सरवाल्यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं १९९७ मध्ये, अमेरिकेत जॉन पेझुटो यांच्या टीमचा पेपर आला तेव्हा.

पेशीत गेल्यावर ते काय करतं

लिव्हर कॅन्सरच्या पेशी बशीत वाढवतात, हेपजी-२ ही त्यातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी जात. अर्जेंटिनाच्या एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या लिव्हरच्या ट्यूमरमधून १९७० च्या दशकात काढलेल्या पेशी, त्या अजून जगभर वाढवल्या जाताहेत. त्यांच्यावर रेस्व्हेराट्रॉल टाकलं की बॅक्स वाढतो, बीसीएल-२ कमी होतो, मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी गळतं, कॅस्पेज-३ जागी होते. जाड तार निघून फ्यूज वायर परत बसल्यासारखं. शिवाय पेशीला "वाढ, वाढ" असं सांगत राहणारे जे सिग्नल असतात तेही मंदावतात. बशीतच नाही, २००९ मध्ये बिशायी आणि धीर यांनी केमिकल देऊन लिव्हरमध्ये गाठी आणलेल्या उंदरांवर हे करून बघितलं तेव्हाही गाठी कमी झाल्या आणि बॅक्स वर, बीसीएल-२ खाली हेच चित्र दिसलं.

मग शेजारच्या चांगल्या पेशी का मरत नाहीत? कॅन्सरची पेशी आधीच प्रचंड ताणाखाली असते, डीएनए तुटलेला, केमिकल कचरा साठलेला. तिला मरण्याची कारणं भरपूर आहेत, फक्त त्या जाड तारेवर तगून असते. चांगल्या पेशीवर तेवढा लोड नसतोच, त्यामुळे तिच्या फ्यूजला थोडा धक्का बसला तरी तो उडत नाही. पण हे ठरावीक मात्रेपर्यंतच, मात्रा वाढवत गेलं की चांगली पेशीही मरते.

ही विचारसरणी चालते याचा माणसांवरचा पुरावा दुसऱ्या आजारात आहे. बीसीएल-२ लाच धरणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालं आणि पेशंटना त्याचा खरोखर फायदा होतो. ते झाडातून आलेलं नाही, पण फ्यूज दुरुस्त करण्याची कल्पना तीच.

मग द्राक्षं खाऊन का जमत नाही?

बशीत द्रव्य थेट पेशीवर ओततात. माणसात ते आधी आतड्यातून जातं, मग लिव्हरमधून, आणि लिव्हरचं कामच आहे परक्या वस्तूला शेपूट लावून लघवीवाटे बाहेर काढणं. रेस्व्हेराट्रॉल तोंडानं घेतलं तर बऱ्यापैकी शोषलं जातं, पण मूळ रूपात रक्तात पोचतं ते नावापुरतं, बाकीचं सगळं बदललेल्या रूपात. एका चाचणीत निरोगी माणसांना एकदम ५ ग्रॅम दिलं तरी रक्तात जास्तीत जास्त जेवढं सापडलं ते बशीत ओततात त्याच्या साधारण दहावा ते चाळिसावा हिस्सा होतं.

आणि ५ ग्रॅम म्हणजे किती ते बघा. लाल-काळ्या द्राक्षात किलोला साधारण दीड ते आठ मिलिग्रॅम रेस्व्हेराट्रॉल असतं. आठ धरलं तरी ५ ग्रॅमसाठी सहाशे किलोच्या वर द्राक्षं लागतील, एका दिवसाला. रेड वाइनमध्ये लिटरला सरासरी दोन मिलिग्रॅम, म्हणजे अडीच हजार लिटर, तीन हजारांहून जास्त बाटल्या. वाइनचं मुद्दाम लिहितोय कारण आपल्याकडे वायनरी भरपूर आणि "रेड वाइन औषधी असते" हे वाक्य गंगापूर रोडवर कुठेही ऐकायला मिळतं. दारू, मग ती कुठल्याही फळाची असो, लिव्हर कॅन्सरचं सिद्ध झालेलं कारण आहे. ज्याला लिव्हरचा त्रास आहे त्यानं औषध म्हणून वाइन घेणं हे उलट्या दिशेनं चालणं आहे.

पण माणसांवर कोणी करून बघितलंय का?

हो, आणि मला तो प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलेल्या नऊ पेशंटना ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे, सहा जणांना बारीक दळलेलं रेस्व्हेराट्रॉल रोज ५ ग्रॅम आणि तिघांना नुसतीच डमी पावडर दिली. ऑपरेशनमध्ये काढलेला लिव्हरचा तुकडा तपासला तर रेस्व्हेराट्रॉल घेतलेल्यांच्या ट्यूमरमध्ये जागी झालेली कॅस्पेज-३ ही ३९ टक्क्यांनी जास्त होती. २०११ मध्ये हे छापून आलं. म्हणजे बशीत दिसलेली गोष्ट माणसाच्या लिव्हरमध्येही थोडीफार होते. पण हा लिव्हरचा स्वतःचा कॅन्सर नव्हता, पेशंट नऊच, आणि त्यातून कोणी जास्त जगलं असं काही मोजलेलं नव्हतं.

तीच पावडर, तोच ५ ग्रॅमचा डोस, मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटना दिला तेव्हा काहींच्या किडन्या फेल झाल्या आणि ट्रायल थांबवावी लागली. मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यानं हे दोन्ही निकाल एकत्र वाचायला हवेत.

"पण नैसर्गिक आहे, त्यानं काय वाईट होणार?"

आमच्या नात्यातले एक मामा आहेत, पिंपळगावकडचे, स्वतःची बाग. लिव्हरचा कॅन्सर निघाला, सोराफेनिबच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात, जुलाब होतात, चालताना टाच टेकवत नाही. भेटायला गेलो तर उशाशी दोन डब्या, एक हॉस्पिटलची, दुसरी ऑनलाइन मागवलेल्या रेस्व्हेराट्रॉलच्या कॅप्सूलची, तिच्यावर द्राक्षाचा घड छापलेला. मामा म्हणाले, "अरे, ही आपल्या बागेतलीच चीज आहे. ती दुसरी गोळी थोडे दिवस बंद ठेवून हिच्यावरच बघतो." मी म्हटलं, "मामा, बंद काहीच करू नका, उद्या दोन्ही डब्या घेऊन डॉक्टरांकडे जाऊ." डॉक्टरांनी कॅप्सूल थांबवली आणि सोराफेनिबचा डोस कमी करून पायाला मलम दिलं. डोस कमी करता येतो हे मामांना कोणी सांगितलंच नव्हतं, त्यांना वाटत होतं एक तर सहन करायचं नाहीतर सोडून द्यायचं.

कॅप्सूल का थांबवली, तर सोराफेनिब लिव्हरमधल्या ज्या एन्झाइमनं मोडलं जातं त्याच एन्झाइमला रेस्व्हेराट्रॉल जास्त मात्रेत अडवतं. म्हणजे गोळीचं प्रमाण रक्तात नकळत बदलू शकतं. शिवाय लिव्हर कॅन्सरच्या पेशंटचं उरलेलं लिव्हर बहुतेकदा सिरॉसिसनं, म्हणजे वर्षानुवर्षांच्या जखमांचे व्रण साठून कडक झाल्यानं, आधीच थकलेलं असतं, त्याच्यावर कुठलाही अर्क पचवायचा भार नको. हळदीच्या जास्त मात्रेच्या कॅप्सूल, ग्रीन टीचे अर्क यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मेडिकल जर्नलांमध्ये नोंदलेल्या आहेत. आणि डबीवर घड छापलेला असला तरी बाजारातलं बरंचसं रेस्व्हेराट्रॉल जपानी नॉटवीड नावाच्या झुडपाच्या मुळातून काढतात, बागेशी त्याचा संबंध नसतो.

"केमोची औषधं पण झाडातूनच येतात ना?"

येतात की. दारातल्या सदाफुलीतून व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन. यू नावाच्या झाडाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल, १९९२ मध्ये मंजूर झालेलं. आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे, त्यात कॅम्टोथेसिन असतं, त्याच्यावरून इरिनोटेकन आणि टोपोटेकन बनली, आणि याच कारणामुळे नरक्याची इतकी चोरटी तोड झाली की झाडच धोक्यात आलं. पण कॅम्टोथेसिन १९६६ मध्ये सापडलं आणि त्यावरून बनवलेली औषधं पेशंटपर्यंत पोचायला जवळपास तीस वर्षं गेली, कारण मूळ द्रव्य जसंच्या तसं माणसाला सोसत नव्हतं, रेणू बदलावा लागला, डोस ठरवावा लागला, ट्रायल कराव्या लागल्या. सदाफुलीची पानं चावून कोणाचा ल्युकेमिया गेलेला नाही, आणि त्या पानांचा काढा विषारी आहे. रेस्व्हेराट्रॉल त्या रस्त्यावर अजून सुरुवातीच्या टप्प्यातच आहे, त्याचे बदललेले रेणू आणि सूक्ष्म कणांत भरून लिव्हरपर्यंत पोचवायचे प्रकार यांवर काम चालू आहे.

"कंपन्याच दाबून ठेवत असतील"

ज्या द्रव्यावर माणसांवरच्या ट्रायल झाल्या आणि निकाल छापून आले ते दाबलेलं कसं म्हणायचं? राग यायचाच असेल तर औषधांच्या किमतीचा यावा, आणि तो खरा राग आहे. सोराफेनिब आपल्याकडे आधी महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना होतं. मार्च २०१२ मध्ये भारत सरकारच्या पेटंट ऑफिसनं नॅटको कंपनीला ते बनवायचं सक्तीचं लायसन्स दिलं, म्हणजे पेटंट दुसऱ्या कंपनीचं असूनही बनवायची परवानगी, देशातलं असं पहिलंच, आणि किंमत ठरली महिन्याला ८,८८० रुपये. आणि ही गोळी चमत्कार नाही हेही सांगायला हवं, मोठ्या ट्रायलमध्ये डमी गोळीवाले सरासरी ७.९ महिने आणि ही घेतलेले १०.७ महिने जगले. पण हे तीन महिने मोजलेले आहेत. आता इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारक शक्तीलाच कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारी, नवी औषधं त्याहून पुढे गेलीत, ती सगळ्यांना परवडत नाहीत हे दुखणं आहेच.

आज हातात काय आहे

द्राक्षं खुशाल खा, शुगर असेल तर बेतानं. लिव्हर कॅन्सर टाळायला मात्र यापेक्षा कितीतरी पक्क्या गोष्टी आहेत. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी ची लस, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि तैवानमध्ये १९८४ मध्ये ही लस सुरू करून १९८६ पासून सगळ्या बाळांना दिल्यावर मुलांमधला लिव्हर कॅन्सर कमी झालेला मोजला गेलाय. मोठ्यांनी एकदा हिपॅटायटिस बी आणि सी ची रक्ततपासणी करून घ्यायची. सी निघाला तर बहुतेकांना साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्या पुरतात, शंभरातले पंचाण्णव बरे होतात, आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्या मोफत आहेत. सिरॉसिस असेल, किंवा जुना हिपॅटायटिस बी असून डॉक्टरांनी जोखीम सांगितली असेल, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, सोबत एएफपी ही रक्ततपासणी, कारण दोन सेंटिमीटरची गाठ काढून टाकता येते, दहा सेंटिमीटरची बहुतेकदा नाही. दारू बंद. आणि काळपट पडलेले, कुबट वासाचे, कडू लागणारे शेंगदाणे टाकून द्यायचे, भाजून कुटात खपवायचे नाहीत, अफ्लाटॉक्सिन भाजण्याच्या उष्णतेनं पूर्ण जात नाही.